विश्लेषण : औषध फक्त तिलाच का? योनिमार्गातील संसर्ग पुन्हा पुन्हा का उलटतो?

‘अंगावर पांढरं जातंय’ एवढेच सांगून मेडिकलमधून गोळी आणली जाते. दोन-चार दिवस बरे वाटते आणि महिना-दीड महिन्यात खाज, दुर्गंधी किंवा जळजळ परत येते. पुन्हा तीच गोळी. असंख्य घरांत हे वर्षानुवर्षे चालू असते आणि दोष मात्र बाईच्या ‘उष्ण प्रकृती’ला, खाण्यापिण्याला किंवा अस्वच्छतेला दिला जातो. गेल्या काही काळात या विषयात एक महत्त्वाचा बदल झाला आहे. वारंवार होणाऱ्या एका संसर्गात पुरुष जोडीदारावरही उपचार करावेत, असे आता वैद्यकशास्त्र सांगू लागले आहे. मात्र त्यासाठी आधी कोणता संसर्ग आहे, हे ओळखावे लागते. आपल्याकडे नेमकी तीच पायरी गाळली जाते.

नवे काय घडले?

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठ आणि मेलबर्न सेक्शुअल हेल्थ सेंटरच्या संशोधकांनी केलेली एक चाचणी मार्च २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. विषय होता बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात ‘बीव्ही’ म्हणतात तो विकार. योनिमार्गातील उपयुक्त जिवाणू कमी होऊन इतर जिवाणूंची गर्दी झाली की तो होतो. १६४ जोडप्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटात फक्त स्त्रीला औषध दिले. दुसऱ्या गटात स्त्रीबरोबर पुरुषालाही दिले : सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि तेच सात दिवस शिश्नाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनचे मलम.

१२ आठवड्यांत फक्त स्त्रीवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के स्त्रियांना बीव्ही पुन्हा झाला. दोघांवर उपचार झालेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. केवळ स्त्रीवर उपचार करत राहणे हे पहिल्या गटावर अन्याय करणारे ठरले असते. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने (‘एकॉग’) आपली भूमिका बदलली आणि वारंवार होणाऱ्या बीव्हीमध्ये पुरुष जोडीदारावरही एकाच वेळी उपचार करण्याची शिफारस केली.

असे प्रयोग पूर्वीही झाले होते आणि ते फसले होते. त्यामुळे अनेक वर्षे ‘बीव्हीमध्ये नवऱ्याला औषधाची गरज नाही’ असेच शिकवले गेले. जुन्या प्रयोगांत पुरुषांना बहुतेक वेळा फक्त गोळ्या दिल्या होत्या. हे जिवाणू मूत्रमार्गाप्रमाणेच शिश्नाच्या त्वचेवर, विशेषतः पुढच्या कातडीखाली राहतात. गोळीला मलमाची जोड दिल्यावर निकाल बदलला.

पांढरे जाणे म्हणजे आजारच का?

नाही. पाळी सुरू झाल्यापासून ती बंद होईपर्यंत योनिमार्गातून थोडा स्राव येणे हे शरीराचे रोजचे काम आहे. पाळीच्या मध्यावर तो पातळ, पारदर्शक आणि तार सुटणारा होतो, पाळीच्या आधी दाट आणि पांढरट होतो, गरोदरपणात वाढतो. खाज नाही, घाण वास नाही, रंग बदललेला नाही, तर तो आजार नसतो. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करून तेथील सामू साधारण ३.८ ते ४.५ इतका आंबट ठेवतात. त्या आंबटपणात बाहेरचे जंतू सहसा तग धरत नाहीत.

तरीही श्वेतप्रदर, पांढरे पाणी, धुपणी अशी कितीतरी नावे आपल्याकडे आहेत आणि ‘त्यातून शरीरातली ताकद निघून जाते’ ही समजूत त्या सगळ्यांना चिकटलेली आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५-०६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आजही वाचण्यासारखे आहेत. तपासणीत बीव्ही १७.८ टक्के, बुरशीचा संसर्ग ८.५ टक्के आणि लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार ४.२ टक्के स्त्रियांमध्ये आढळले. म्हणजे जे सापडले त्यातले बहुतेक ‘बाहेरून आणलेले’ नव्हते.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. ‘पांढरे जाते’ अशी तक्रार करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्या तक्रारीचे नाते संसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि घरातील ताण यांच्याशी अधिक घट्ट दिसले. मनाचे दुखणे उघड सांगता येत नाही, पांढरे जाणे निदान दुसऱ्या बाईला तरी सांगता येते. अशा बाईला जंतुनाशक गोळ्यांचे पाकीट देऊन घरी पाठवले, तर तिचे मूळ दुखणे तिथेच राहते.

तीन संसर्ग कसे ओळखायचे?

स्रावाच्या बहुतेक तक्रारींमागे तीन कारणे असतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

बीव्हीची खूण म्हणजे वास. मासळीसारखा, शरीरसंबंधानंतर किंवा पाळीच्या सुमारास वाढणारा. स्राव पातळ, करडा-पांढरा असतो. खाज बहुधा नसते किंवा किरकोळ असते. अनेकींना तर काहीच त्रास जाणवत नाही.

बुरशीच्या म्हणजे कँडिडाच्या संसर्गात उलटे असते. वास नसतो, पण खाज अशी की रात्री झोप लागू नये. स्राव फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा दाट असतो, बाहेरची त्वचा लाल होऊन सुजते, लघवी करताना ती सोललेल्या कातडीवर लागून झोंबते. या झोंबण्यालाच पुष्कळ जणी ‘युरीन इन्फेक्शन’ समजतात.

तिसरा ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी. स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ, बरोबर दुर्गंधी आणि जळजळही. या तिघांत लैंगिक संबंधांतून पसरणारा ठरलेला आजार हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात याचे १५ कोटी ६० लाख नवे रुग्ण झाले. पुरुषाला सहसा काहीच जाणवत नाही, पण परजीवी त्याच्याकडे असतो.

पुस्तकात ही चित्रे स्वच्छ वेगळी दिसतात. प्रत्यक्षात मात्र ती एकमेकांत मिसळतात, दोन संसर्ग एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे वरच्या खुणा वाचून डॉक्टरांना नीट सांगता यावे, एवढाच त्यांचा उपयोग. स्वतःच औषध ठरवायला त्या पुरेशा नाहीत.

मेडिकलमधून आणलेली गोळी का फसते?

अमेरिकेत २००२ मध्ये एक छोटा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘मला बुरशीचाच संसर्ग आहे’ असे स्वतः ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा फक्त बुरशीचा संसर्ग सुमारे एकतृतीयांश जणींनाच होता. बाकीच्यांत काहींना बीव्ही, काहींना मिश्र संसर्ग आणि काहींना तर कोणताच संसर्ग नव्हता. हा त्रास आधी होऊन गेलेल्या स्त्रियांचाही अंदाज फारसा बरोबर निघाला नाही.

आपल्याकडे दुकानदार बहुधा फ्लुकोनाझोलची एक गोळी देतो, किंवा एका पाकिटात तीन औषधे एकत्र असलेले किट देतो. बुरशीवर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमचा एक डोस अनेकदा पुरतो, हे खरेच आहे. पण बीव्ही आणि ट्रायकोमोनासवर ती गोळी निरुपयोगी आहे. तिथे मेट्रोनिडाझोल किंवा त्याच गटातील औषध लागते. उलट, गरज नसताना घेतलेली अँटिबायोटिक्स योनिमार्गातील चांगल्या लॅक्टोबॅसिलसनाच मारतात आणि त्यानंतर बुरशी फोफावते. एका त्रासाच्या औषधातून दुसरा त्रास उभा राहतो तो असा.

बुरशीही आता पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली. नेहमी आढळणारी कँडिडा अल्बिकन्स त्यात सर्वांत वरच्या गटात आहे. कँडिडा ग्लॅब्राटासारख्या प्रजाती फ्लुकोनाझोलला सहज दाद देत नाहीत, कँडिडा क्रुसाय तर मुळातच देत नाही. वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला, तर बुरशीची प्रजाती तपासून घ्यावी आणि सहा महिने आठवड्याला एक गोळी असा लांबचा उपचार करावा लागू शकतो. दर वेळी दुकानातून सुटी गोळी आणण्याने ते साधत नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारख्या गोळ्या चालू असतील, तर फ्लुकोनाझोलने त्यांचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका होतो.

आणि ती मलमे. खाजेवर म्हणून मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. लावताच खाज थांबते, म्हणून ट्यूब घरात कायमची होते. जांघेच्या आणि योनीभोवतीच्या नाजूक त्वचेवर ती महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ पडते, संसर्ग झाकला जाऊन पसरतो आणि नंतर डॉक्टरांनाही निदान अवघड होते.

सरकारी दवाखान्यात उपचार कसा ठरतो?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (‘नाको’) कार्यक्रमात लक्षणांच्या गटानुसार रंगीत किट दिली जातात. योनिस्रावासाठी हिरवे किट : सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. गर्भाशयमुखाचा संसर्ग असेल तर करडे किट, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी एका भेटीत तिन्ही नेहमीच्या कारणांवर औषध पडावे, हा यामागचा विचार. तो चुकीचा म्हणता येणार नाही. तपासणीसाठी तालुक्याला जा म्हटले की बाई परत येत नाही, हा अनुभव त्यामागे आहे. औषधे मोफत मिळतात आणि जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये समुपदेशकही असतात.

अडचण एवढीच की ही पद्धत सगळ्यांना एकाच चाळणीतून काढते. नैसर्गिक स्रावालाही औषध मिळते आणि लक्षणच नसलेला संसर्ग निसटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांचाही भर शक्य तिथे आतून तपासणी करून आणि नमुना पाहून मग औषध देण्यावर आहे. त्यासाठी फार महागडे काही लागत नाही. सामू दाखवणारी कागदी पट्टी, काचपट्टीवर स्रावाचा थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि साधा सूक्ष्मदर्शक. बुरशीचे धागे दिसतात, ट्रायकोमोनास वळवळताना दिसतो, बीव्हीमध्ये जिवाणूंनी माखलेल्या पेशी दिसतात. ट्रायकोमोनास तर पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने यांनी १८३६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालीच प्रथम पाहिला. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची ही तपासणी आजही अनेक ओपीडींत होत नाही. कारण गर्दी आहे, पडदा नाही, महिला डॉक्टर नाही आणि बाईलाही झोपून तपासून घ्यायला संकोच वाटतो.

या संकोचाची किंमत महाराष्ट्राने फार पूर्वी मोजून दाखवली आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्यातला मोठा वाटा संसर्गांचा होता. यापूर्वी कधी तरी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असाच सरकारी हिशेब होता.

नवऱ्याला औषध घ्यायला कोण सांगणार?

प्रश्न इथे येऊन अडतो. ट्रायकोमोनासमध्ये जोडीदारावर उपचार केलेच पाहिजेत, हे जुनेच आहे. दोघांनी औषध पूर्ण करून लक्षणे जाईपर्यंत संबंध टाळले नाहीत, तर तो फिरून परत येतो. बुरशीच्या संसर्गात मात्र जोडीदाराला सरसकट औषधाची गरज नसते. त्याला खाज किंवा पुरळ असेल तरच. आता बीव्ही वारंवार होत असेल तर तेथेही दोघांवर उपचार, हा नवा भाग. म्हणजे ‘नवऱ्यालाही द्या’ किंवा ‘नको’ हे निदानावर ठरते आणि निदान न करता दिलेले किट या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

घरात हा विषय काढणे बाईसाठी सोपे नाही. ‘मला काही झालेलं नाही, तुझं तू बघ’ हे नेहमीचे उत्तर. त्याहून वाईट म्हणजे संशय. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. बीव्ही झाला म्हणजे कोणी बाहेरख्याली आहे असे सिद्ध होत नाही. तो एकनिष्ठ जोडप्यांतही होतो. ऑस्ट्रेलियातील चाचणीतली जोडपीही एकमेकांशीच संबंध असलेली होती. आणि ट्रायकोमोनास लक्षणांविना महिनोन्‌महिने शरीरात राहू शकतो, त्यामुळे ‘आत्ता सापडला म्हणजे आत्ताच झाला’ असा हिशेब मांडता येत नाही. हे बाईने घरी जाऊन समजावण्यापेक्षा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितले तर घरातले भांडण टळते. क्लिंडामायसिनचे मलम दुकानात ‘व्हजायनल क्रीम’ म्हणून मिळते. चिठ्ठी आणि खुलासा नसेल तर ते हातात पडलेला पुरुष ते वापरणार नाही. हे औषधही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक बारीक गोष्ट अनेकदा सांगायची राहते. योनीत लावायची काही तेलकट मलमे आणि गोळ्या लॅटेक्सचा कंडोम कमकुवत करतात. उपचार चालू असताना कंडोमच्या भरवशावर राहू नये, संबंध टाळणेच बरे.

मधुमेह, गरोदरपण आणि पाळी गेल्यानंतर काय?

बुरशीचा संसर्ग वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. अनेकींचा मधुमेह असाच उघडकीला येतो. ज्यांचा मधुमेह आधीच माहीत आहे, त्यांनी आपल्या गोळ्यांची नावे पाहावीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे जादा साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि त्या साखरेवर बुरशी वाढते. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यावर स्वस्त गोळ्या बाजारात आल्या आणि ती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोकांच्या आवाक्यात आली. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ही औषधे उपयोगी आहेत, त्यामुळे ती परस्पर बंद करू नयेत. खाज सुरू झाली तर मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगावे, एवढेच. लाज वाटून ही तक्रार त्यांच्यासमोर काढलीच जात नाही.

गरोदरपणात तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल टाळतात. त्याऐवजी क्लोट्रिमाझोलसारखे योनीत ठेवायचे किंवा लावायचे औषध दिले जाते. बीव्हीचा संबंध मुदतपूर्व प्रसूतीशी जोडला गेलेला आहे, त्यामुळे गरोदर बाईने वासाची तक्रार अंगावर काढू नये.

पाळी गेल्यानंतरची जळजळ आणि खाज ही पुष्कळदा संसर्ग नसतेच. इस्ट्रोजेन कमी झाल्याने तेथील त्वचा कोरडी आणि पातळ होते. तिथे बुरशीनाशकाच्या दहा ट्यूब संपवूनही उपयोग नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलम लावून आराम पडतो.

धुवायचे किती?

बाहेरून साध्या पाण्याने, एवढेच. आत साबण, डेटॉल, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’, तुरटी, लसूण किंवा दही यांपैकी काहीही घालू नये. आतून धुण्याची सवय असलेल्या स्त्रियांमध्ये बीव्ही जास्त आढळतो. योनिमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो आणि जाहिराती नेमका त्याच कामात अडथळा आणणारा माल विकतात.

कोणत्या लक्षणांत थांबू नये?

स्रावाबरोबर ताप किंवा ओटीपोटात दुखणे, संबंधांनंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त किंवा रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, जखम किंवा फोड येणे यापैकी काही असेल तर किट किंवा मेडिकलची गोळी घेत बसू नये. ओटीपोटातला संसर्ग गर्भनलिका बंद करून वंध्यत्व आणू शकतो आणि रक्तमिश्रित स्राव हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. डॉक्टरांकडे जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत आणि शक्यतो दोन दिवस आधीपासून योनीत कोणतेही मलम लावू नये. त्यामुळे नमुना नीट तपासता येतो. जवळचे सुरक्षा क्लिनिक कुठे आहे, हे ‘नाको’च्या १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.